पोलीस फिर्याद घेत नसतील तर काय कराल?

राहायला कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, आणि वाकडच्या पुलाखाली कुणीतरी गळ्यातली साखळी हिसकावून नेली. तक्रार कुठे द्यायची? पुण्यात हा प्रश्न हमखास येतो, कारण पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि 2018 पासून पिंपरी-चिंचवड अशी तीन वेगळी पोलीस दलं इथे एकमेकांना लागून आहेत. उत्तर सोपं आहे: कोणत्याही ठाण्यात जा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर नोंदवून घ्यावीच लागते. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. नोंद झाली की कागद ज्याच्या हद्दीत गुन्हा घडला त्या ठाण्याकडे जातात. तेव्हा "ही आमची हद्द नाही" एवढ्यावर परत फिरू नका.

जाण्याआधी लिहून काढा

घटनेची तारीख, वेळ, नेमकी जागा, काय घडलं, काय गेलं, कोण पाहत होतं, हे साध्या कागदावर क्रमाने लिहा. ऐकीव गोष्ट आणि स्वतः पाहिलेली गोष्ट वेगळी ठेवा. संशय असेल तर "संशय आहे" असंच लिहा, कारण जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. तोंडी सांगितलं तरी चालतं; पोलिसांनी ते लिहून तुम्हाला वाचून दाखवायचं असतं. ऑनलाइन खबर दिली, तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती एफआयआर म्हणून नोंदली जात नाही.

सही करण्याआधी वाचा

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मोबाइल चोरीला गेलेला असतो आणि कागदावर येतं "गहाळ". गहाळ झाल्याच्या दाखल्यावर नवीन सिमकार्ड मिळेल, पण चोरीचा गुन्हा नोंदला जात नाही आणि चोराचा तपासही होत नाही. भारतीय न्याय संहितेत चोरी कलम 303 मध्ये आहे आणि हिसकावून नेणं हा आता कलम 304 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. कलम कोणतं लावायचं ते पोलीस ठरवतील, पण घडलेली गोष्ट तुमच्या शब्दांत, जशी घडली तशीच उतरली पाहिजे. घाई करायला सांगितली तरी शांतपणे वाचा आणि चुकलेलं दुरुस्त करून मगच सही करा. तो तुमचा हक्क आहे.

दुसरी गफलत एनसीची. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिच्यावर पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. हातात पडलेला कागद एफआयआर आहे की एनसी, हे तिथेच विचारा. चौकीवर अर्ज देऊन आलात म्हणजे गुन्हा नोंदला गेला असंही समजू नका. एफआयआरला क्रमांक असतो, तो मागा. एफआयआरची प्रत फिर्यादीला लगेच आणि मोफत मिळते.

तरीही नकार आला तर

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं आहे की, खबरीतून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. नव्या कायद्यात तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण तिला 14 दिवसांची मर्यादा आहे. "बघू, या नंतर" असं अनिश्चित लांबवण्याला कायद्यात आधार नाही.

आधी ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना भेटा. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. ही पोच जिवापाड जपा, कारण पुढे तुमचं म्हणणं तिच्यावरच उभं राहतं. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. त्यानंतर कलम 173(4) प्रमाणे वरिष्ठांना टपालाने लिहा: शहरात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना, ग्रामीण भागात पाषाण रस्त्यावरच्या पोलीस अधीक्षकांना.

तिथूनही काही हललं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गुन्हा पुणे शहराच्या हद्दीत घडला असेल तर शिवाजीनगर कोर्ट. आधीचे दोन्ही अर्ज, पोच आणि प्रतिज्ञापत्र सोबत लागतं. दंडाधिकारी कलम 175(3) खाली तपासाचा आदेश देऊ शकतात. वकील परवडत नसेल तर त्याच कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर क्रमांक 15100.

बँक खात्यातून ऑनलाइन पैसे गेले असतील तर मात्र यातलं काही करण्याआधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं आहे.

गुन्हा नोंदल्यावर तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत तुम्हाला कळवायचं असतं. नाही कळवलं, तर एफआयआरचा क्रमांक घालून लेखी विचारा आणि त्या अर्जाचीही पोच घ्या.