तीन स्टॉपरच्या संघाला प्रेस करताय? या चुका टाळा

वडोदऱ्यातले हौशी फुटबॉल संघ वर्षानुवर्षं 4-4-2 किंवा 4-3-3 खेळत आले आहेत (आकडे म्हणजे मागून पुढे प्रत्येक ओळीत किती माणसं). दांडिया बाजार, मांजलपूर, कारेलीबाग, कुठलीही पोरं घ्या, मागे चौघे ही सवय पक्की. मग पोलो ग्राउंडवर एखादा संघ तीन स्टॉपर (मधले बचावपटू) आणि दोन विंगबॅक (कडेने वर-खाली पळणारे) घेऊन उतरतो आणि पहिल्या दहा मिनिटांतच आपल्या पुढच्या दोघांची दमछाक होते. ते जीव तोडून पळतात, पण बॉल काही हाती लागत नाही. हाफटाइमला बोलणी खातो तो स्ट्रायकर, आणि बहुतेक वेळा दोष त्याचा नसतोच. तीन स्टॉपरविरुद्धचं प्रेसिंग, म्हणजे बॉल त्यांच्याकडे असतानाच वर चढून तो हिसकावणं, जमणार की फसणार, हे ठरतं आपला साइडबॅक, म्हणजे मागच्या चौघांतला कडेचा, कधी सुटतो त्यावर. म्हणून सगळ्यात मोठी चूक आधी घेतो.

साइडबॅक एक पास उशिरा निघतो

हे मैदानात असं दिसतं. आपला विंगर (कडेने पुढे खेळणारा) त्यांच्या कडेच्या स्टॉपरवर चढतो, स्टॉपर शांतपणे बॉल विंगबॅकला देतो आणि विंगबॅकला वळून पुढे बघायला भरपूर वेळ मिळतो. साइडबॅक धावत येतो, पण तोवर बॉल पुढे गेलेला असतो आणि आता साइडबॅकच्या मागची जागाही मोकळी पडलेली असते. म्हणजे नुकसान दुहेरी.

थोडा हिशेब करू. स्टॉपरकडून विंगबॅककडे जाणारा पास साधारण वीस मीटरचा असतो. जोरात मारला तर त्याला दीड सेकंद पुरतो. उभ्या जागेवरून निघालेला खेळाडू तेवढ्यात सात-आठ मीटर कापतो. साइडबॅक आपल्या स्टॉपरच्या ओळीत, विंगबॅकपासून पंचवीस मीटरवर उभा असेल तर कितीही चपळ असला तरी पोहोचणार नाही. त्याला अजून जोरात पळ म्हणून ओरडून काही होत नाही, त्याची निघायची वेळ बदलावी लागते. मधल्या स्टॉपरचा बॉल कडेच्या स्टॉपरकडे निघाला की साइडबॅकनेही निघायचं. विंगबॅककडे पास सुटेल तेव्हा तो त्याच्यापासून आठ-दहा मीटरवर असला पाहिजे. मग विंगबॅक पाठमोरा, टचलाइनला चिकटलेला असतानाच तो गाठता येतो, आणि बॉल जिंकायला मैदानात यापेक्षा चांगली जागा नाही, कारण एका बाजूने रेषाच आपलं काम करते.

हे सरावात आधी चालत चालत करून घ्या. अर्धं मैदान, तीन स्टॉपर, दोन विंगबॅक, समोर आपले पुढचे तिघे आणि दोन साइडबॅक. बॉल हाताने टाकायचा आणि प्रत्येक पासला कोण कुठे सरकतो ते बघायचं. पोरांना कंटाळा येतो, तरी करा. पळत करायला घेतलं की वेळ चुकतेय की जागा, हे ओळखूच येत नाही.

तो निघाला, पण मागचे जागेवरच

साइडबॅक वर गेला की त्याच्या बाजूचा स्टॉपर कडेकडे, दुसरा स्टॉपर मध्ये आणि पलीकडचा साइडबॅक आत, अशी सगळी ओळ सरकायला हवी. आपल्याकडे पलीकडचा साइडबॅक आत येत नाही, कारण त्याचा विंगबॅक मोकळा राहतो याची त्याला भीती वाटते. ही भीती घालवणं कोचचं काम आहे.

समोर 3-4-2-1 असेल आणि आपण 4-3-3 असू तर माणसं मोजा. पुढचे तिघे तीन स्टॉपरवर. आपले दोन हाफ (मधल्या ओळीतले खेळाडू) त्यांच्या दोन मधल्या हाफवर, तिसरा हाफ स्ट्रायकरमागच्या दोघांपैकी एकावर. बॉलच्या बाजूचा साइडबॅक विंगबॅकवर. मागे आपले तिघे उरले, त्यांचे उरले दोन: स्ट्रायकर आणि त्याच्यामागचा दुसरा. म्हणजे मागे आपला एक जास्त, आणि मोकळे राहिले फक्त पलीकडचा विंगबॅक आणि गोलकीपर. पलीकडच्या विंगबॅकला पोहोचायला त्यांना चाळीस-पन्नास मीटरचा उंच बॉल मारावा लागतो. आपल्या खडबडीत मैदानांवर तो बॉल एका टचमध्ये क्वचितच ताब्यात येतो आणि हवेत असेपर्यंत आपली ओळ सरकून घेते. हा धोका डोळे उघडे ठेवून पत्करायचा.

समोर 3-5-2 असेल तर मात्र गणित बदलतं. तिथे त्यांचे स्ट्रायकर दोन आणि मधे हाफ तीन. आपले दोन्ही साइडबॅक एकदम वर गेले की मागे दोघांना दोघे उरतात. सामना सुरू होताना त्यांचे पुढे किती आहेत ते आधी मोजा, मगच साइडबॅकला मोकळीक द्या.

मोठ्या संघांचा साचा जसाच्या तसा उचलणं

दोन सामने लोक हमखास दाखवतात. 4 जानेवारी 2017 ला टॉटनहॅमने स्वतःही मागे तीन ठेवले आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये सलग 13 सामने जिंकून आलेल्या कोच काँतेंच्या चेल्सीला 2-0 हरवलं. 22 मे 2024 ला डब्लिनमध्ये कोच गास्पेरिनींच्या इटालियन अटलांटाने युरोपा लीगच्या फायनलमध्ये जर्मनीच्या लेव्हरकुसेनचा 3-0 पराभव केला, तिन्ही गोल लुकमनचे. त्याआधी 51 सामने लेव्हरकुसेन कुणाकडून हरलं नव्हतं. तेव्हा आपणही तीन मागे लावू, असं पोरं म्हणतात.

अटलांटाकडून घ्यायचं ते वेगळंच आहे. गास्पेरिनींच्या त्या संघात प्रत्येक खेळाडूला आपला माणूस कोण हे पक्कं माहीत असायचं आणि तो त्याच्यामागे मैदानभर जायचा. ही शिस्त अनेक मोसमांच्या सरावातून येते. रविवारी सकाळी भेटणाऱ्या संघाने दोन दिवसांत आकडे बदलले तर आपलेच स्टॉपर गोंधळतात. चौघे मागे ठेवूनही जोड्या लावता येतात, वर लावल्या तशा.

स्ट्रायकर सरळ रेषेत धावतो

मधला स्टॉपर बॉल घेऊन समोर तोंड करून निवांत उभा असताना त्याच्यावर सरळ धाव घेतली तर तो डावीकडे किंवा उजवीकडे सहज देतो. धाव वळणाची हवी, एका बाजूचा पास अंगाने झाकणारी. कुठली बाजू उघडी ठेवायची हे सामन्याआधी ठरवा. डाव्या बाजूला उजव्या पायाचा स्टॉपर खेळत असेल तर तीच. तो बॉल उजव्या पायावर घ्यायला आत वळतो, रेषेलगतचा पास त्याला जड जातो आणि आपल्या विंगरला अर्धा सेकंद जास्त मिळतो. मागे दिलेला पास, उसळलेला बॉल, पाठमोरा घेतलेला टच, चढायच्या खुणा याच. खूण दिसेपर्यंत स्ट्रायकरने त्यांच्या मधल्या हाफला झाकून उभं राहावं. उभं राहणं हेही कामच आहे, त्यावरून त्याला आळशी म्हणू नका.

4-4-2 मध्ये दोन स्ट्रायकर तिघांमागे पळतात ते याच कारणाने फुकट जातं. एकाने मधला स्टॉपर घ्यायचा, दुसऱ्याने हाफ झाकायचा, आणि कडेच्या स्टॉपरवर विंगरने जायचं. तो कडेचा स्टॉपर कुणी अडवलाच नाही तर बॉल घेऊन थेट हाफलाइन ओलांडतो आणि आपल्या हाफला जागा सोडून बाहेर यावं लागतं.

गोलकीपरचंही तसंच. 2019 पासून गोलकिकचा बॉल पेनल्टी बॉक्सच्या आतच सहकाऱ्याला देता येतो, आणि बॉल खेळात येईपर्यंत आपल्याला बॉक्सबाहेर थांबावं लागतं. तीन स्टॉपर आणि गोलकीपर म्हणजे चार. बॉल गोलकीपरकडे परत गेला तर मधल्या स्टॉपरवरचा स्ट्रायकरच पुढे जातो, त्या स्टॉपरला पाठीमागे झाकून. विंगरने आपला माणूस सोडून जायचं नाही.

हाकांची खिचडी

आपल्या संघांत घरी मराठी बोलणारी, गुजराती बोलणारी आणि हिंदीवर निभावणारी पोरं एकत्र खेळतात. साइडबॅक मराठीत काही सांगतो, पुढचा विंगर ते समजून घेईपर्यंत क्षण निघून जातो. दोनच हाका ठरवा, ‘चढ’ आणि ‘थांब’, आणि त्या मागच्याने पुढच्याला द्यायच्या. मागे साइडबॅक तयार नसेल तर विंगरला ‘थांब’ ऐकू आलं पाहिजे. एकट्याने चढण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून मागे येणं केव्हाही चांगलं.

शेवटी उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पूर्ण सामना वर चढून खेळणं अंगावर येतं. दोन्ही हाफची पहिली दहा मिनिटं, त्यांच्या गोलकिक आणि त्यांच्या बाजूचे थ्रो, एवढं निवडा. बाकी वेळ हाफलाइनवर ओळ लावून थांबा. आणि वर चढाल तेव्हा आपल्या गोलकीपरला गोललाइनवर उभं राहू देऊ नका. साइडबॅकच्या मागे पडणारा लांब बॉल त्यालाच काढायचा असतो, त्यासाठी तो बॉक्सच्या कडेला, दोन पावलं बाहेरच हवा.