आधी विचारा, माल जांगड की रोख?

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात कामाला लागले, त्या पहिल्याच सकाळी मालकांनी मालासोबत आलेलं चलन माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "हा माल जांगड आलाय की रोख?" मला कॉमिक्समधली निम्मी पात्रं तोंडपाठ होती, पण हा शब्द नवा होता. आज बारा वर्षांनी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तोच शिकवते. जांगड म्हणजे खपलं तर पैसे द्यायचे, नाही खपलं तर माल परत. रोख म्हणजे घेतलं ते आपलं, वर्षभर धूळ खात पडलं तरी. कॉमिक्स कुठे मिळतात, कुठे मिळायची बंद होतात, हे मला तरी या एका प्रश्नावरून उलगडत गेलं.

आपल्याकडचंच बघा. १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं, तेही टाइम्सच्या वृत्तपत्रसमूहाकडून. त्यामुळे वेताळ (म्हणजे फँटम) आणि जादूगार मॅन्ड्रेक पेपरच्या स्टॉलवर, एसटी स्टँडवर, पुणे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर दिसायचे. १९६७ पासून अमर चित्र कथा आणि १९८० पासून टिंकल याच वाटांनी घरोघरी गेले. शिवाय पेठेपेठेत भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्या होत्या. माझे वडील शनिवार पेठेत वाढले. सुट्टीत चार आणे देऊन आणलेला वेताळ संध्याकाळपर्यंत वाड्यातल्या सगळ्या पोरांच्या हातून फिरायचा, असं ते सांगतात. विकली गेली एक प्रत, वाचक वीस. १९९० मध्ये इंद्रजाल थांबलं, पाठोपाठ घरोघरी केबल आली, आणि या लायब्रऱ्याही एकेक करून मिटल्या.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्या, कारण आज आपल्या शेल्फवरचा बराच माल तिथल्या प्रकाशकांचा असतो. तिथेही आधी स्टॉलचाच धंदा होता आणि न खपलेला माल परत जायचा. अख्खा अंक पाठवणं परवडत नसे, म्हणून विक्रेते नुसतं कव्हर फाडून हिशेबाला पाठवत. १९७३ च्या सुमारास फिल स्यूलिंग या न्यूयॉर्कच्या कॉमिक्स-विक्रेत्यानं प्रकाशकांपुढे नवी बोली ठेवली: अंक थेट आम्हाला द्या, सूट जास्त द्या, आम्ही काही परत करणार नाही. त्यावर फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं उभी राहिली. दोन्ही वाटांचे अंक ओळखू यावेत म्हणून स्पायडरमॅनचे प्रकाशक मार्व्हल थेट दुकानांत जाणाऱ्या अंकांवर बारकोडच्या चौकटीत स्पायडरमॅनचं तोंड छापू लागलं. जुन्या बाजारात असा अंक हाती आला तर कव्हरचा खालचा डावा कोपरा बघा.

जास्त सवलतीचा मोह मोठा असतो. १९९१ मध्ये मार्व्हलच्या 'एक्स-मेन'च्या नव्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून जास्त प्रती दुकानदारांनी उचलल्या. वाचक तेवढे नव्हतेच. पुढे भाव चढेल या आशेनं लोक गठ्ठ्यानं घेत होते. भाव चढला नाही. परत न जाणारा माल दुकानांच्या गळ्यात पडला आणि पुढच्या काही वर्षांत शेकडो दुकानं बंद झाली. त्यातच मार्व्हलनं स्वतःचा वितरक विकत घेतला, तो १९९७ मध्ये बंद पडला, आणि जवळपास सगळा धंदा डायमंड या एकाच वितरकाकडे आला. २०२० मध्ये सुपरमॅन-बॅटमॅनवाली डीसी त्यातून बाहेर पडली, २०२१ मध्ये मार्व्हल पेंग्विन रँडम हाउसकडे गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये डायमंडनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

पुण्यात ते सुटे मासिक अंक फारसे कधी आलेच नाहीत. आपल्याकडे येतात ते पुस्तकरूपातले संग्रह आणि मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, तेही पुस्तकांच्या वितरकांकडून. पुस्तकांच्या धंद्यात परतीची बोली चालते, म्हणूनच आमच्यासारखं लहान दुकान हे शेल्फ लावायची हिंमत करतं.

पण परतीलाही अटी असतात. एका सिनेमाच्या तोंडावर मी एका ग्राफिक नॉव्हेलच्या ४० प्रती मागवल्या. ११ खपल्या. उरलेल्या २९ चं खोकं वितरकाकडून तसंच परत आलं, कारण आमच्या किमतीच्या स्टिकरचा डिंक मागच्या कव्हरवर राहिला होता. चलनाच्या मागे बारीक अक्षरात अट छापलेली होती. ती मी वाचली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक प्रत आधी प्लास्टिकच्या पिशवीत जाते आणि स्टिकर पिशवीवर लागतो.

मांगाचं गणित निराळं. सातवा भाग नसेल तर आठवा कोणी उचलत नाही. नवी मालिका आली की मी पहिल्या भागाच्या सहा प्रती घेते, दुसऱ्याच्या चार, पुढे दोन-दोन, आणि रोज रात्री दुकान बंद करताना खाडे तपासते. मालिका उजवीकडून डावीकडे वाचायची असते हे गिऱ्हाइकाला बिल करतानाच सांगा. "छपाई उलटी झालीय" म्हणून प्रत परत घेऊन येणारे आईवडील मी पाहिले आहेत.

ऑनलाइनवाल्यांच्या सवलतीशी भाव करत बसू नका. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे दुकानाच्या भाड्यावर भरलेला जीएसटी आपल्याला वळताही करून घेता येत नाही; सूट द्यायला हातात थोडंच उरतं. त्यापेक्षा वही ठेवा. कोणाला कुठला भाग हवा, नाव, नंबर. भाग आला की त्याच दिवशी फोन. माझं निम्मं शेल्फ या वहीवर चालतं. त्यात एक पान मराठी वेताळ मागणाऱ्यांचं आहे, बहुतेक साठीच्या पुढचे. रद्दीवाल्याकडून एखादा अंक हाती लागला की मी पहिला फोन त्यांनाच लावते.