सायकलला मोपेडची चाकं बसवताना या चुका टाळा

मोटर लावलेल्या सायकलच्या मागच्या चाकाच्या तारा वरचेवर तुटायला लागल्या की मोपेडच्या चाकांचा विचार मनात येतोच. विचार चांगला आहे. सायकलला इंजिन लावायच्या किटचं मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, साधारणपणे रबरी चकत्या आणि नऊ बोल्ट घेऊन थेट तारांवरच आवळलेलं असतं. मोपेडच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) ते पक्कं बोल्ट करता येतं, तारा जाड असतात, शिवाय ड्रम ब्रेक मिळतो. पण चाक बदललं की गिअरिंगही (इंजिनाच्या किती फेऱ्यांत सायकल किती पुढे जाते, ते) बदलतं, आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

टायरवरचा आकडा धरून हिशेब करणं

सायकलचं २६ इंची चाक म्हणजे टायरसकट बाहेरून मोजलेलं माप. मोपेडच्या २.२५-१७ टायरमधले १७ इंच मात्र रिमचे. त्यामुळे २६ आणि १७ यांचं गुणोत्तर काढून स्प्रॉकेट ठरवलं तर उत्तर साफ चुकतं. १७ मध्ये टायरची उंची दोन्हीकडून मिळवली की बाहेरचा व्यास सुमारे साडेएकवीस इंच भरतो.

कागदावरच्या मापापेक्षा जमिनीवरचं माप खरं. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, कुणाला तरी सीटवर बसवून सायकल चाकाचा एक फेरा सरळ ढकला आणि अंतर मोजा. २६ इंची चाक साधारण २.०७ मीटर जातं, वरचं मोपेडचं चाक सुमारे १.७ मीटर. पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा असतो, म्हणून मोजायला कंटाळू नका.

फक्त पुढचे-मागचे दाते मोजणं

नेहमीच्या टू-स्ट्रोक किटमध्ये इंजिनाच्या आतच एक रिडक्शन (फेरे कमी करणारी गिअरची जोडी) असतं, बहुधा ४.१ चं. बाहेर १० आणि ४४ दाते असतील तर एकूण रेशो ४.१ × ४.४ म्हणजे १८ झाला, चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे १८ फेरे. आपल्या इंजिनाची खात्री करायची असेल तर स्पार्क प्लग काढा, मॅग्नेटोचं (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या, ठिणगीसाठी वीज देणाऱ्या चुंबकाचं) झाकण उघडा, क्लच जोडलेला ठेवून मागचं चाक बरोबर एक फेरा फिरवा आणि मॅग्नेटो किती वेळा फिरला ते मोजा.

आता वेग: आरपीएम × चाकाचा एक फेरा (मीटर) × ०.०६ ÷ एकूण रेशो. ५००० आरपीएमला २६ इंची चाकावर ताशी सुमारे ३४ किलोमीटर येतात. तेच ४४ दात्यांचं स्प्रॉकेट मोपेडच्या चाकावर ठेवलं तर जेमतेम २८. इंजिन किंचाळतं, हँडल थरथरतं, आणि लोक कार्बोरेटर उघडून बसतात. दोष कार्बोरेटरचा नसतो.

जुना वेग परत हवा असेल तर ३६ दाते लागतात. तरी माझं मत असं, की एकदम ३६ वर जाऊ नका. चढाचा रस्ता असेल तर ४० बरे. वेग ३१ च्या आसपास राहतो आणि ओढही टिकते. चढावर इंजिन धापा टाकत असेल तर मागचे दाते वाढवा, सपाटीवर उगाच ओरडत असेल तर कमी करा. पुढच्या स्प्रॉकेटला हात लावताना जपून: तिथला एक दाता कमी केला, १० चे ९ केले, की मागे जवळजवळ पाच दाते वाढवल्यासारखं होतं.

चेन ‘बसते’ म्हणून चालवणं

४१५, ४२० आणि ४२८ या तिन्ही चेनचा पिच (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर) अर्धा इंच, म्हणून त्या एकसारख्या वाटतात. पण रुंदी वेगळी, आणि ४२८ चा रोलरही मोठा. मोपेडच्या हबवर आलेलं स्प्रॉकेट ४२८ चं असेल तर त्यावर किटची ४१५ चेन चढवू नका. चेन उतरत असेल तर आधी सरळ पट्टी लावून दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का पाहा. एका फेऱ्यात चेन एकदा ताठ, एकदा सैल होत असेल तर स्प्रॉकेट मध्यावर नाही. ते नीट बसवा, आणि ढील नेहमी सर्वात ताठ जागी तपासा.

एक्सलसाठी खाच कापणं

सायकलचा मागचा एक्सल १० मिमीचा, पुढचा बहुधा ९ चा, मोपेडचा जाड. म्हणून कानस घेऊन चिमट्याची (चाक धरणाऱ्या फोर्कची) खाच मोठी करतात. तिथे आधीच धातू थोडा असतो. जाड प्लेट वेल्ड करून घ्या किंवा मोपेडचाच चिमटा बसवा.

ड्रमची प्लेट मोकळी सोडणं

ही चूक मला सर्वात धोकादायक वाटते. ब्रेक लावताच ड्रमची प्लेट (ब्रेकचे शू जिच्यावर बसवलेले असतात ती) चाकाबरोबर फिरू पाहते. तिला अडवणारी पट्टी फ्रेमला किंवा चिमट्याला पक्की जोडलेली नसेल तर केबल ओढली जाते, एक्सल सैल होतो, पुढचं चाक असेल तर ते जाम होऊ शकतं. पट्टी लांब ठेवा, चिमट्याला रुंद क्लॅम्पने धरा, नळीला भोक पाडू नका. बसवल्यावर आधी हाताने ढकलत, ब्रेक दाबून पाहा, प्लेट हलते का.

दोन्ही चाकं बदलली की पॅडल जमिनीच्या साडेपाच सेंटीमीटर जवळ येतं. वळताना आतल्या बाजूचं पॅडल वर ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.