भाडेकरू बदलला पण कुलूप तेच? गाळेमालकांनो, या चुका टाळा

गाळा रिकामा झाला, जुन्या भाडेकरूने दोन किल्ल्या टेबलावर ठेवल्या, डिपॉझिटचा हिशोब झाला, चहा झाला, आणि आपल्याला वाटतं विषय संपला. पुण्यात आमच्या घरचे तीन गाळे आहेत, त्यांचं भाड्याचं सगळं मीच बघतो, आणि सुरुवातीची बरीच वर्षं मीपण असंच समजत होतो.

मग एकदा असं झालं की केकचं दुकान गेलं आणि त्याच गाळ्यात एका ताईंनी ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं. शटरची कुलपं मी नवीन लावून दिली होती. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी ताईंचा फोन, आवाज थरथरत होता, म्हणाल्या दादा आत दुधाचे दोन क्रेट आहेत, कोणीतरी रात्री आत येऊन गेलंय. झालं होतं एवढंच की दूध टाकणाऱ्या पोराकडे मागच्या दाराची किल्ली होती, पहाटे दुकान बंद असायचं म्हणून केकवाल्यांनी कधीतरी दिलेली, आणि दुकान बदललंय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. चोरी काहीच नाही, पण ताईंना पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी एकटं बसायला भीती वाटायची आणि ते माझ्यामुळे झालं. तेव्हापासून मी परत आलेल्या किल्ल्यांच्या आकड्यावर भरवसा ठेवत नाही, भाडेकरू बदलला की सगळी कुलपंच बदलतो. दोन परत आल्या म्हणजे दोनच होत्या असं कुठे असतं? शटर उघडणारा पोऱ्या, सोडून गेलेला पार्टनर, झाडूवाल्या मावशी, वॉचमन, प्रत्येकाकडे एखादी असू शकते.

ताबा मिळायच्या आधी कुलूप बदलू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. भाडं थकलंय, फोन उचलत नाही, ॲग्रीमेंटची मुदत संपली, म्हणून रागाच्या भरात शटरला आपलं कुलूप मारायचं. गाळा आपला असला तरी असं करायचं नाही. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३ च्या कलम ६ प्रमाणे कायद्याचा मार्ग सोडून कोणाला ताब्यातून बाहेर काढलं तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो, आणि तिथे मालक मी आहे हे उत्तर चालत नाही. शिवाय आत त्याचा माल असेल तर अमुक वस्तू गेली, तमुक कॅश गेली असं म्हणायला त्याला वाव मिळतो. आणि बऱ्याच जणांचा आणखी एक गैरसमज असतो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधलं कलम २४, म्हणजे मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा कामासाठी सरकारने नेमलेला अधिकारी) जाऊन ताबा मागायची सोय, ती राहायच्या जागेसाठी आहे, दुकानाला किंवा ऑफिसला ती धरून चालू नका, आधी वकिलाशी बोला.

राजीखुशीने जात असेल तरी क्रम पाळा. आधी ताबा दिल्याचं पत्र, त्यात तारीख, वेळ, किती किल्ल्या दिल्या, लाइट मीटरचं रीडिंग, आत काही सामान राहिलंय का ते सगळं, दोघांच्या सह्या, मोबाइलवर रिकाम्या गाळ्याचा व्हिडिओ, आणि मग कुलूप. त्याच दिवशी, उद्यावर ढकलायचं नाही.

शटरची दोन कुलपं बदलली म्हणजे झालं असं नाही

शटरला खाली दोन बाजूंना कड्या असतात, तिथली कुलपं सगळे बदलतात कारण ती डोळ्यांना दिसतात. मधलं सेंटर लॉक मात्र तसंच राहतं, आणि रोजच्या घाईत नवीन भाडेकरू दुपारी जेवायला जाताना फक्त तेच एक लावून जातो. म्हणजे त्या वेळी अख्खा गाळा जुन्या किल्लीवर असतो. मागचं दार, पोटमाळ्याचं दार, कॉमन टॉयलेट, मीटरची पेटी, जिन्याखालचं कपाट हेही बघा. मी आता हातात कागद घेऊन गाळ्याला बाहेरून एक आणि आतून एक फेरी मारतो आणि जिथे जिथे किल्ली लागते ते लिहून काढतो, गाळा तीनशे स्क्वेअर फुटांचा असला तरी सहा-सात जागा सहज निघतात.

फक्त किल्ली बदलून घेताना

दाराला मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत खाच करून बसवलेलं लॉक असेल तर पूर्ण लॉक बदलायची गरज नसते, आतला सिलिंडर, म्हणजे ज्यात किल्ली जाते तो भाग, बदलला की झालं. काही ठिकाणी तोच सिलिंडर खोलून आतल्या पिना नव्या किल्लीप्रमाणे बसवून देतात. सिलिंडरमध्ये साधारण पाच-सहा पिनांच्या जोड्या असतात, प्रत्येकीवर छोटी स्प्रिंग, आणि किल्लीचे दात त्या पिनांना बरोबर एका रेषेत आणतात तेव्हा लॉक फिरतं. नवीन किल्ली म्हणजे नव्या मापाच्या पिना. पण काही चावीवाल्यांकडे तेवढ्या मापांच्या पिना नसतात, मग ते अडणाऱ्या दोन-तीन पिना काढूनच टाकतात. नवीन किल्ली मस्त फिरते, आपण खूश होऊन पैसे देतो, पण लॉक कमजोर झालेलं असतं आणि कधीकधी जुनी किल्लीसुद्धा चालते! म्हणून जुनी एक किल्ली मुद्दाम जपून ठेवा आणि काम झाल्यावर चावीवाल्यासमोरच ती लावून बघा. जुनी फिरली तर काम झालेलं नाही, सरळ नवीन सिलिंडर टाका.

लिव्हरच्या कुलपाचं गणित वेगळं, तिथे आत पिना नसून चपट्या पट्ट्या असतात, त्या बदलत बसण्यापेक्षा नवीन कुलूप घेतलेलं परवडतं.

सिलिंडर आणताना माप न घेता जाणे ही तर अगदी नेहमीची चूक. मी स्वतः एकदा रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन अंदाजाने ७० एमएमचा घेऊन आलो, दार होतं ६० चं, तर बाहेरच्या बाजूने सिलिंडर चांगला पाच मिलिमीटर पुढे आलेला. हे दिसायला साधं वाटतं पण पुढे आलेला सिलिंडर पान्यात धरून पिरगाळून तोडता येतो. माप घ्यायचं ते दाराच्या कडेला जो लांब स्क्रू असतो त्याच्या मध्यापासून बाहेरपर्यंत वेगळं आणि आतपर्यंत वेगळं, कारण दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही. सगळ्यात सोपं म्हणजे जुना सिलिंडर काढून सोबतच न्या.

आता तो काढताना अडतो, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. कडेचा स्क्रू पूर्ण काढला तरी सिलिंडर बाहेर येत नाही, मग लोक हातोडी घेतात. हातोडी नको! सिलिंडरच्या पोटाखाली एक छोटी जीभ असते, ती एका बाजूला बाहेर आलेली असते म्हणून तो अडकतो. किल्ली घाला, अगदी थोडी फिरवा, घड्याळात पाच मिनिटं सरकावीत एवढीच, आणि किल्लीला धरून हळूच ओढत राहा, जीभ पोटाच्या रेषेत आली की तो आपोआप हातात येतो. नवीन बसवल्यावर किल्ली जड फिरत असेल तर तोच स्क्रू जास्त आवळला गेलाय, पाव फेरा सैल करा. दार उघडं असताना लॉक छान चालतं आणि बंद केल्यावर अडतं, तर दोष लॉकचा नाही, दार खाली बसलंय, बिजागरीचे स्क्रू आवळा. आणि कुलपात खोबरेल तेल घालू नका, थोड्या दिवसांत धूळ धरून चिकट होतं, ग्राफाइटची पावडर घाला, ती नसेल तर पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दातांवर घासलं तरी काम होतं.

काचेच्या दाराला लॉक खाली असतं आणि त्याचा बोल्ट फरशीतल्या भोकात जातो. लॉक लागत नाही म्हणून बदलायला निघालात तर आधी ते भोक साफ करा, माती भरलेली असते. आणि नवीन लॉकसाठी काचेला भोक पाडू म्हणणाऱ्याला थांबवा, टफन केलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेला नंतर भोक पडत नाही, ती पूर्ण फुटते.

बोटाच्या ठशावर चालणारं लॉक असेल तर जुन्या लोकांचे ठसे एकेक करून काढण्यापेक्षा फॅक्टरी रीसेट करा, मास्टर कोड बदला, सीसीटीव्हीचा पासवर्डपण बदला, नाहीतर जुना भाडेकरू घरी बसून तुमचा गाळा बघू शकतो.

मधल्या रिकाम्या काळात एजंट लोक गाळा दाखवायला किल्ली मागतात, तेव्हा नवीन सेट त्यांच्या हातात देऊ नका. एक साधं कुलूप त्या काळापुरतं लावा आणि पक्कं कुलूप नवीन भाडेकरूसमोर ताबा देताना लावा, पाकीट त्याच्यासमोर फोडा. किल्लीचा फोटो व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवू नका, चांगल्या कारागिराला फोटोवरून दात काढता येतात. मालकाकडे एक किल्ली ठेवायची असेल तर तसं ॲग्रीमेंटमध्ये लिहा, ती पाकिटात घालून चिकटवलेल्या जागेवर भाडेकरूची सही घ्या. आग लागली, पाणी फुटलं तरच ते पाकीट उघडायचं, आणि उघडायच्या आधी त्याला फोन करायचा. ब्लाउजवाल्या ताईंच्या गाळ्याचं पाकीट अजून माझ्या कपाटात आहे, सही तशीच आहे.