चौकटीवरच्या रेघा
रोज पाहणाऱ्याला मुलांची वाढ दिसत नाही, म्हणून मी ती दाराच्या चौकटीवर मांडते. नवी रेघ जुनीच्या वर गेली की इतका आनंद होतो की काय सांगू!

उंची सकाळीच मोजा. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी साधारण १ सेंटिमीटर कमी भरते. बूट काढा, बांधलेले केस सोडा. टाचा चौकटीला, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून त्याची कड चौकटीला काटकोनात टेकवा आणि खालच्या बाजूने रेघ मारा. घर बदलणार असाल तर सुटी लांब फळी घ्या.

दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवून मोजतात. त्यानंतर उभ्याने मोजलं की साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरते, घाबरू नका. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात १२च्या आसपास, पुढे वेग मंदावतो. तीन महिन्यांनी एक रेघ पुरे.

तारखेशेजारी त्या दिवसाचं काहीतरी लिहाच. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. थोरल्याच्या एका रेघेजवळ ‘नाडी स्वतः बांधली’ आहे. धाकटी ‘अत्ती’ म्हणायची, पुढच्या रेघेला स्वच्छ ‘हत्ती’ आला. मी दोन्ही लिहून ठेवलेत.

परवा तिची रेघ दादाच्या त्याच वयातल्या रेघेच्या वर गेली. तारीख त्यानेच लिहिली, वाकड्या अक्षरात.