मुहूर्तावर सिझर ठरवण्याआधी

गरज नसताना सिझर मागण्यामागं सातारा-सांगलीकडं दोन कारणं हमखास ऐकू येतात: कळांची धास्ती आणि मुहूर्त. धास्ती असेल तर सातव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा, ‘वेदनारहित प्रसूतीसाठी भूलतज्ज्ञ रात्रीही मिळतात का?’ पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी बसवून औषध सोडलं की कळा सुसह्य होतात. बऱ्याचदा सिझरचा हट्ट तिथंच सुटतो.

मुहूर्त धरायचाच तर ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचा. आठवडे पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून मोजा, पाळीची तारीख चुकू शकते. घाईनं काढलेल्या बाळाच्या फुप्फुसातलं पाणी ओसरत नाही, त्याला धाप लागते आणि आईच्या कुशीऐवजी ते काचेच्या पेटीत जातं. भटजींना ही अट आधीच सांगा.

आणखी मुलं हवी असतील तर अशा सिझरला आम्ही नकोच म्हणू. पुढच्या खेपेला वार (प्लासेंटा) सिझरच्या जुन्या व्रणात रुतू शकते, रक्तस्राव आवरत नाही, कधी गर्भपिशवीच काढावी लागते.

ठरलंच तर जेवण किमान ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. नंतर खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरा. उठताना आधी कुशीवर वळा, मग पाय खाली सोडा.