पितृपक्षातलं अंदमान: बेत कसा आखायचा

अंदमानला कधी जावं असं कुणालाही विचारा, डिसेंबर ते मार्च हेच उत्तर येईल. ते बरोबरच आहे. समुद्र शांत, पाणी नितळ, बोटी वेळेवर. आणि म्हणूनच विमानाचे आणि हॉटेलांचे भावही गगनाला भिडलेले. मी सांगतेय तो बेत ज्यांना सुट्टी सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच मिळते, खिसा बेताचा आहे आणि भिजायचं वावडं नाही, त्यांच्यासाठी.

आधी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा. अनंत चतुर्दशी झाली की आपल्याकडे पितृपक्ष लागतो आणि सर्वपित्री अमावास्येपर्यंत आपली माणसं सहसा फिरायला निघत नाहीत. तिकडे बंगाली मंडळी दुर्गापूजेच्या सुट्ट्यांची वाट बघत असतात. पूजा आली की कोलकात्याहून विमानं भरभरून येतात. शिवाय अंदमानात स्वतःची पूजाही जोरात असते, कारण हॅवलॉक आणि नील या बेटांवरची वस्ती मुख्यतः फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांची आहे. म्हणून पूजेच्या गर्दीआधीचा हा पंधरवडा रिकामा सापडतो. माझ्या सासूबाईंनी "पंधरवड्यात कुठे निघालात?" म्हणून नाक मुरडलं होतं. मामंजींच्या तिथीचं उरकून मग निघू म्हटल्यावर त्यांचीच बॅग आधी भरून तयार!

हा पंधरवडा दरवर्षी सरकतो, हे मात्र लक्षात ठेवा. 2025 ला सर्वपित्री 21 सप्टेंबरला होती, 2026 ला 10 ऑक्टोबरला आहे. लवकर आला तर पाऊस जास्त धरून चाला. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळात यायच्या आधी, मेमध्येच अंदमानात पोचतात आणि सप्टेंबरभर चांगले बरसतात. पण मुंबईसारखी चार चार दिवसांची झड असतेच असं नाही. सर येते, झोडपते, तासाभरात ऊन. कधी मात्र बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि मग दोन-तीन दिवस काही खरं नसतं. आणि दिवाळीनंतर गेलो म्हणजे सुटलो, असंही नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला चक्रीवादळांचा काळ. डिसेंबर 2016 मध्ये, ऐन हंगामात, हॅवलॉक आणि नीलवर हजारावर पर्यटक अडकले होते आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की या दिवसांत हॉटेलांवरून नाही, बोटींवरून बेत आखायचा.

विमान उतरतं पोर्ट ब्लेअरला. सप्टेंबर 2024 पासून त्याचं नाव श्री विजयपुरम, पण बोलण्यात आणि बुकिंगमध्ये दोन्ही नावं चालू आहेत. तशीच 2018 साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. बुकिंग करताना जुनं आणि नवं नाव म्हणजे वेगवेगळी बेटं समजून गोंधळू नका. मी इथे सवयीची नावं वापरते.

सहलवाले आणि पॅकेजवाले पहिल्या दोन दिवसांत पोर्ट ब्लेअर उरकतात, मग हॅवलॉक, मग नील, आणि नीलहून परतल्याच्या दुसऱ्या सकाळी घरचं विमान. डिसेंबरात हे खपून जातं. पावसात उलटं करा. उतरलात की एक रात्र आराम, दुसऱ्या सकाळच्या पहिल्या बोटीने हॅवलॉक, तिथून नील, आणि परतीच्या विमानाआधी पूर्ण दोन रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये. सेल्युलर जेल, रॉस बेट, म्युझियम हे सगळं त्या शेवटच्या दोन दिवसांवर टाका. बोट एक दिवस रद्द झाली तरी फार तर एखादं म्युझियम हुकेल, विमान नाही. आणि बोट सकाळचीच घ्या, कारण ती गेली नाही तर दुपारची मिळण्याची आशा तरी असते.

हॅवलॉकच्या धक्क्यावर आम्हाला हे प्रत्यक्ष बघायला मिळालं. तिकीट खिडकीच्या काचेवर चिकटवलेला कागद, त्यावर पेनाने लिहिलेलं "आज सभी बोट रद्द". खाली छपराच्या कडेकडेने माणसं आणि चाकांच्या बॅगा. ज्यांचं त्याच संध्याकाळचं विमान होतं ते फोनवर, ओरडून ओरडून घसा बसलेला. आमच्या हातात दिवस शिल्लक होते, त्यामुळे आम्ही रिक्षा करून बाजारात गेलो आणि गरम गरम डाळ-भात, वांग्याची भजी खाल्ली. पक्ष असल्यामुळे सासूबाईंना मासे चालत नव्हते. आमच्या ह्यांना चालत होते, पण त्यांच्यासमोर मागवायची छाती झाली नाही.

बोटी दोन प्रकारच्या. सरकारी बोट मोठी, संथ आणि स्वस्त. हॅवलॉकला अडीच तासांच्या आसपास लागतात. खासगी कॅटमरान दीड-पावणेदोन तासांत पोचवतात, पण बऱ्याच कॅटमरानमध्ये बंद एसी केबिनमध्ये बसून राहावं लागतं. ज्यांना बोट लागते त्यांना हे दीड तास फार जड जातात. बोट लागण्याची गोळी धक्क्यावर येऊन घेण्यात अर्थ नाही, निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. कोणती ते आपल्या डॉक्टरांना घरीच विचारून ठेवा, विशेषतः सोबत वयस्कर माणसं असतील तर. जागा मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची मागा. टोकाला हेलकावा जास्त बसतो. नाश्ता इडलीएवढाच. उपाशीपोटी बसलात तर त्रास अजून वाढतो. सरकारी बोटींची तिकिटं प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुली होतात, म्हणून परतीचं तिकीट खासगीचं काढून ठेवा आणि रद्द झाल्यास पैसे कसे परत मिळतात ते आधी वाचा. हॉटेलला फोन करून सरळ विचारा, "बोट आलीच नाही तर पैशांचं काय?" जो मालक याचं नीट उत्तर देतो, त्याचं हॉटेल घ्या.

निघायच्या आठवडाभर आधीपासून हवामान खात्याचं अंदमानचं पत्रक आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघत जा. कोकणातल्या माणसाला नुसतं 'तीन नंबरचा बावटा' म्हटलं की कळतं. तिथेही बंदरात धोक्याचा बावटा चढला की बोटी जागच्या जागी.

आता किनारे. हॅवलॉकचा राधानगर किनारा सगळ्यांच्या फोटोत असतो. पण तो बेटाच्या पश्चिमेला, म्हणजे नैर्ऋत्येचा वारा थेट अंगावर घेणारा. पावसाळ्याच्या शेवटी तिथे लाटा दणकून येतात. संध्याकाळी बघायला जा, पोहण्याचा हट्ट नको. जीवरक्षकाने शिट्टी मारली की वाद न घालता बाहेर या. मगरींची पाटी असेल तर तीही शोभेला लावलेली नसते; खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात खरोखर आहे. याच दिवसांत पूर्वेकडचे गोविंदनगर आणि विजयनगरचे किनारे मात्र बेटाच्या आडोशाला असतात, पाणी तुलनेने निवांत. म्हणून राहायची खोली याच बाजूला घ्या. नोव्हेंबरात वारा ईशान्येकडून फिरला की गणित उलटतं. एलिफंट बीचवरचे पाण्यातले खेळ समुद्र खवळला की बंद होतात, आगाऊ पैसे भरू नका. जॉली बॉय बेट पावसाळ्यात बंद असतं. स्कूबाच करायचं असेल तर खरंच मार्चमध्ये जा. या दिवसांत पाणी गढूळ असतं.

पण अमावास्येजवळचे दिवस साधले तर दोन गोष्टी हंगामातल्या माणसापेक्षा तुम्हाला बऱ्या मिळतील. एक म्हणजे चमकणारं पाणी. हॅवलॉकला रात्री खारफुटीच्या कडेने कयाक नेतात. वल्हं पाण्यात बुडालं की त्याभोवती निळसर ठिणग्या उडतात, हात फिरवला की बोटांभोवती. हे पाण्यातले सूक्ष्म जीव असतात. चांदणं असलं की काही दिसत नाही, म्हणून काळोखी रात्र हवी आणि पितृपक्षाचा शेवट म्हणजे काळोखच.

दुसरी गोष्ट ओहोटी. अमावास्येला आणि त्यानंतर एक-दोन दिवस भरती-ओहोटीचा फरक सगळ्यात मोठा. नीलवरची दगडी कमान, जिला नॅचरल ब्रिज म्हणतात, ती ओहोटीलाच जवळून बघता येते. आमच्या गुहागरला तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, चतुर्थीला तीन वाजता. हा हिशेब तिथे लावू नका, तिथल्या वेळा वेगळ्या आहेत. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर मिळतं. ओहोटी उजेडात कधी येते ते बघूनच नीलचा दिवस ठरवा. पाणी हटलं की खडबडीत प्रवाळ-खडकाचं पठार उघडं पडतं, मधे मधे डबकी. स्थानिक वाटाड्या पोरगा सोबत घ्या. आमचा वाटाड्या सासूबाईंचा हात धरून "माँजी, उधर पैर मत रखना" म्हणत एकेका डबक्याशी थांबायचा. एकात जाडजूड समुद्रकाकडी पडलेली, दुसऱ्यात निळ्या ओठांचा शिंपला. सावली पडली की तो मिटायचा. चपला इथे कुचकामी. मागे पट्टा असलेले फ्लोटर्स हवेत.

घड्याळाचंही सांगून ठेवते. अंदमान इतकं पूर्वेला की या दिवसांत सूर्य सव्वापाचला उगवतो आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास बुडतो. साडेनऊला नाश्ता करून निघणाऱ्यांचा अर्धा दिवस वाया. पाचला उठा, दुपारी झोपा.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा या फेरीत मी गाळायला सांगेन. जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्याने जावं लागतं, त्यासाठी रात्री तीनला उठायचं, आणि पावसात गुहेची वाट म्हणजे चिखल. गेलातच तर जंगलातल्या रस्त्यात फोटो काढायला आणि थांबायला कायद्याने बंदी आहे. जारवा 'दाखवतो' म्हणणारा ड्रायव्हर भेटला तर गाडी बदला.

पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात, चिखलात उतरू नका. लेप्टोचा ताप मुंबईसारखा तिथेही आहे, पावसाळा सरता सरता जास्त. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना अंदमानला गेलो होतो हे आवर्जून सांगा. हॅवलॉकला एटीएम मोजकी आणि नेटवर्क लहरी, त्यामुळे रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहूनच घ्या. छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट न्या.

शेवटचे दोन दिवस. सेल्युलर जेल सकाळी उघडल्या उघडल्या गाठा आणि किमान तीन तास द्या. सात विंगांपैकी तीनच उरल्या आहेत. एका विंगेतल्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरासमोर कैदी दिसायचाच नाही, हे वरच्या व्हरांड्यात उभं राहिल्यावर नीट कळतं. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे; जिने चढवत नसतील तर सोबतच्या वडीलधाऱ्यांना खाली पिंपळाजवळ बसवा. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम उघड्यावर असतो, पावसात तो बारगळू शकतो. म्हणून दोनपैकी पहिल्या संध्याकाळचं तिकीट काढा, दुसरी संध्याकाळ हाताशी ठेवा. रॉस बेट समोरच आहे, पण तिथलीही बोट हवामान बघूनच सुटते. ती बंद असेल तर नौदलाचं समुद्रिका संग्रहालय आणि 1883 सालची चॅथमची सॉ मिल, दोन्ही ठिकाणी रस्त्यानेच जाता येतं. किनाऱ्यावरून उचललेलं प्रवाळ बॅगेत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतात आणि गुन्हाही होऊ शकतो. शंख-शिंपल्यांच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या पर्समध्ये ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.